वेस्टकोटच्या खिशातली उली

अहो,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. रागावले आहे मी तुमच्यावर. गेलेल्या माणसावर रागवू नये असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आधी तुमच्याशी संसार करून दाखवावा.

तशी तुम्ही गेल्यापासून रोजच बोलते तुमच्याशी. चहा टाकताना, कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना. पण बोलण्यात तुम्ही पूर्वीसारखेच निसटता. म्हणून आज कागद घेऊन बसले. विषय एकच आहे. उली कोण?

दचकलात ना? मीही दचकले होते.

मीरा मिल्टन कीन्सहून ग्लासगोला आली होती, तुमचं कपाट आवरायला. मला एकटीला ते होत नव्हतं. दार उघडलं की तुमच्या आफ्टरशेव्हचा वास यायचा आणि मी ते पुन्हा लावून टाकायचे. लेकीनं भराभर पिशव्या भरल्या. स्वेटर, मफलर, ऑफिसचे शर्ट, सगळं चॅरिटी शॉपला. शेवटी राहिला तुमचा करडा थ्री-पीस सूट. मंडळाच्या दिवाळीला, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये तुम्ही दरवर्षी घालून मिरवायचात तो. मी सवयीनं खिसे तपासले. वेस्टकोटला खाली घड्याळाचा एक इवलासा खिसा असतो. त्यात बोट घातलं, तर काहीतरी रेशमी लागलं.

दुमडलेली रिबन होती. बोटभर लांबीची. जांभळा, पांढरा आणि हिरवा असे तीन पट्टे, वर अडकवायला हूक, आणि मधोमध सरकवलेली चांदीची चपटी पट्टी. पट्टीच्या एका अंगाला अक्षरांचा गुंता, एकात एक अडकवलेला, आणि त्या गुंत्याच्या शेवटी चक्क उद्गारचिन्ह! दुसऱ्या अंगाला रोमन लिपीत दोन नावं. दिनू आणि उली. मधे दोन बारकी अक्षरं, एस आणि एल.

दिनू म्हणजे तुम्ही. सासूबाई सोडल्या तर तुम्हाला अशी हाक मारणारं कुणी मी पाहिलेलं नाही. मग ही उली कोण लागून गेली?

लग्नाआधी तुम्ही जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला होतात, एवढं मला माहीत होतं. तिथलं काही विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं. "थंडी होती आणि बटाटे होते." जन्मभर तेच! एवढं गुळगुळीत उत्तर खरं असतं का कधी? आणि आता आठवतं, तुमचे बाकीचे सगळे कपडे मी धुवायचे, पण तो सूट ड्राय क्लीनरकडे तुम्ही स्वतः न्यायचात. मला केवढं कौतुक वाटायचं! नवरा एक काम तरी आपणहून करतो म्हणून मी मंडळात सांगत सुटले होते.

म्हणजे दरवर्षी दिवाळीला मी पैठणी नेसून तुमच्या शेजारी बसायचे, चिवड्याच्या पुड्या वाटायचे, आणि ती तुमच्या पोटापाशी खिशात. आपण तिघं जात होतो की हो!

चांदीवरची दोन नावं कशी वाचायची, हे मला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर नाही का, ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घातलेली असतात? माझा तांब्या अजून कपाटात आहे. 'चि. सौ. कां. शालिनीस, माईआत्याकडून सप्रेम भेट.' आधी घेणाऱ्याचं नाव, मग देणाऱ्याचं. त्या रीतीनं सगळं सरळच होतं. दिनूस, उलीकडून. आणि मधली दोन अक्षरं म्हणजे 'सप्रेम'सारखंच काहीतरी असणार. सप्रेम! मला जेवण गेलं नाही.

मीराला दाखवलं, तर ती माझ्यावरच उखडली. "आई, तो रिबन बाबाचा पर्सनल गोष्ट आहे. इट्स हिज प्रायव्हसी. लेट इट गो ना."

"गेलेल्या माणसाला प्रायव्हसी कशाला लागते?"

"एक्झॅक्टली तेव्हाच लागते, आई!"

असं म्हणाली खरी, पण तिलाही चैन पडेना. लेक तुमची असली तरी स्वभाव माझा आहे. फोटो काढून फोनवर शोधत बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "गुड न्यूज. ही विद्यार्थ्यांचे जुने क्लब आहेत जर्मनीमधली. फक्त मुलगे. टोप्या घालतात, रिबन घालतात, गाणी म्हणतात, बिअर पितात. काही लोक तलवारी पण खेळतात." मग आणखी वाचून, "पण काही ग्रुप्स डॉजी आहेत, आई. व्हेरी राइट विंग."

उलीला दाढी-मिशा असणार हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाई असती तर निदान तिचं काय ते एकदा समजलं असतं. आता हे काय नवीन? तुम्ही कुणाच्या नादी लागला होतात तिकडे? तुमच्या हनुवटीवरच्या व्रणाकडे मी फोटोत निरखून बघायला लागले. सायकलवरून पडलो म्हणायचात. सायकलवरून पडून इतकी सरळ रेघ उमटते?

मीरा परत गेल्यावर मी ती वस्तू रुमालात बांधून एका अँटिक फेअरला नेली. बिल्ले-पदकं विकणारा एक जण होता. त्यानं धड चष्माही लावला नाही. "मिलिटरीतलं दिसतंय," म्हणाला, "असलं घरात ठेवू नका, बाई. माझ्याकडे देऊन टाका, मी बघतो काय करायचं ते." एवढा उदार माणूस पाहिला की मला शंका येते. ज्या वस्तूचा घरात ठेवू नये असा धाक घालतो, ती स्वतःच्या टेबलावर ठेवायला एवढी घाई कशाची? मी रुमालाची गाठ पक्की केली आणि बस पकडली. बसमध्ये मात्र पर्स पोटाशी घट्ट धरून बसले होते. कुणीतरी विचारेल, बाई, तुमच्या पर्समध्ये काय आहे, आणि मला सांगता येणार नाही, असं वाटत होतं.

शेवटी मीरानंच एक गृहस्थ शोधले. जर्मन, एडिंबरात राहतात, निवृत्त आहेत आणि असल्या वस्तू जमवतात. व्हिडिओवर आले. मागे भिंतीवर टोप्याच टोप्या, आणि बोलणं असं की जणू आम्ही त्यांच्या वर्गात नाव घातलंय. "सरळ धरा. उजेडात धरा. उलटं करा." उलटं केलं, पण नावांवर मी अंगठा ठेवला. परक्या माणसाला घरातली गोष्ट एकदम कशाला दाखवायची?

माणूस आखडू असला तरी त्याला त्यातलं कळत होतं, हे मान्य करते. हे रंग म्हणे खालून वर वाचायचे. प्रत्येक संघटनेचे रंग आणि त्यांचा क्रम ठरलेला. अक्षरांचा गुंता ही संघटनेची खूण. त्यात 'जगो, वाढो, बहरो' या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आणि संघटनेचं आद्याक्षर एकात एक गुंफलेलं असतं, आणि शेवटी ते उद्गारचिन्ह. मंडळी आपल्या सहीपुढेही तीच खूण काढतात. तलवारी खेळणाऱ्यांच्या चिन्हांत बहुधा तलवारी सापडतात, इथे तसलं काही नाही. रंग आणि गुंता ताडून पाहून त्यांनी संघटनेचं नावही सांगितलं. लहानशी, वसतिगृहासारखी, परदेशी मुलांना सामावून घेणारी. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. व्रण सायकलचाच होता तर. त्याबद्दल माफी.

"आणि ही वस्तू?" मी विचारलं.

"हा बिअरचा गोंडा," ते म्हणाले. "कमरेच्या पट्ट्याला किंवा वेस्टकोटच्या खिशाला लटकवतात. पूर्वी म्हणे आपला मग ओळखू यावा म्हणून मगाला बांधायचे."

बिअर! तुम्ही? आमचे अण्णा म्हणजे कट्टर गांधीवादी. बघायला आलात तेव्हा पोह्यांची बशी हातात देण्याआधी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "काही घेता का?" आणि तुम्ही म्हणाला होतात, "नाही." त्या 'नाही'वर माझं लग्न ठरलं. ग्लासगोला आल्यावर पार्टीत कुणी ग्लास पुढे केला तर तुम्ही असा चेहरा करायचात की बिचारा यजमानच ओशाळायचा. आणि खिशात बिअरचा गोंडा! पाणी कुठे मुरत होतं हे मला तेव्हा समजलं, असं निदान मला वाटलं.

रागारागात मी अंगठा उचलला. "वाचा मग. कुणी दिलं यांना हे?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "यांना कुणी दिलेलं नाही. यांनीच दिलंय. देणाऱ्याचं नाव आधी असतं. मधली अक्षरं म्हणजे 'आपल्या लाडक्या'. दिनूकडून, आपल्या लाडक्या उलीस."

मी म्हटलं, "पण हे तर यांच्याच खिशात होतं."

"मग दिलं नसेल," ते म्हणाले. एवढंच. त्यांना पुढे टोप्यांबद्दल बोलायचं होतं.

बघा म्हणजे! तांब्या-भांड्यांच्या रीतीनं मी उलटं वाचत बसले होते. तुम्हाला कुणी काही दिलेलंच नव्हतं. तुम्हीच द्यायला म्हणून करून घेतलं होतं, आणि दुसऱ्याची भेट आयुष्यभर स्वतःच्या खिशात घालून हिंडलात. का? घेणारा नको म्हणाला? मेला? की तुम्ही घाबरलात? एवढी वर्षं तुमच्या ताटात वाढलं मी, आणि तुमच्या पोटाजवळ हा प्रश्न लटकलेला मला दिसला नाही. सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला? मी ऐकणाऱ्यातली वाटले नाही का?

टोपीवाल्या गृहस्थांनी त्या संघटनेच्या म्हाताऱ्या मंडळींकडे चौकशी केली. काही आठवड्यांनी मला एक फोन नंबर मिळाला. उली आहे. हयात आहे. एकेक आकडा दोनदा तपासत फोन लावला. राग होता, की भीती, मला सांगता येणार नाही.

"मी ग्लासगोहून बोलतेय," मी इंग्रजीत म्हटलं, "मिस्टर बापटांची पत्नी."

 पलीकडून एक म्हातारा, खोल आवाज. "दिनू?"

ज्या आवाजात त्यांनी ते विचारलं ना, त्यानं मी विरघळले असते. पण तुमची बायको आहे मी. म्हटलं, "तुम्ही तेच उली कशावरून? यांची एखादी खूण सांगा."

ते हसले. "रुमालात बांधलेली लाल मिरची. कोटाच्या डाव्या खिशात. सूप आलं की कुस्करून टाकायचा आणि डोळे पुसत प्यायचा."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. ग्लासगोच्या कँटीनमध्येसुद्धा नेत होतात तुम्ही ती मिरची. रुमाल मीच धुवायचे.

मग त्यांनी सांगितलं. शब्द शोधत, सावकाश. नव्या मुलानं तिथे जुन्यांतला एक जण आपला म्हणून निवडायचा, थोरला भाऊ निवडावा तसा, आणि ते नातं मरेपर्यंत. तुम्ही उलीला निवडलंत. मग दोघांनी एकमेकांसाठी ही रिबन करून घ्यायची आणि एका ठरल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून एकमेकांना द्यायची. ती संध्याकाळ तोंडावर आली आणि तुम्हाला घरून तार आली, आई सिरियस. तुम्ही कुणाला न सांगता पहाटेच्या गाडीनं गेलात; तारेचं त्यांना मागाहून कळलं. उलीला वाटलं, स्टेशनवर कुणाला सोडायला गेला असेल, येईल. तो सगळ्यांसमोर रिबन हातात घेऊन उभा राहिला. वाट बघून मग खाली बसला.

आणि सासूबाई! त्या तर ठणठणीत बऱ्या झाल्या आणि लगेच आपलं लग्न लागलं. आता मला त्या तारेचाच संशय येतो, खरं सांगते. पण त्यांना विचारायला त्याही नाहीत.

"मला वाटलं तो विसरला," उली म्हणाले.

तेव्हा मी त्यांना वेस्टकोटचं सांगितलं. "दरवर्षी, आमच्या सगळ्यात मोठ्या सणाला, हे तुम्हाला खिशात घालून न्यायचे," म्हटलं. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग मीही शिंकरून घेतलं.

"पोस्टानं पाठवता आलं नसतं का हो यांना?" मी विचारलं.

"हे पोस्टानं जात नाही. हातानंच द्यायचं असतं."

आता मला सांगा, दरवर्षी सुट्टी लागली की तुम्ही विचारायचात, "जर्मनीला जायचं का?" कसं विचारायचात? 'आज हिरवा बिन की निळा' हे ज्या आवाजात विचारायचात, त्याच आवाजात! मी म्हणायचे, "काय आहे तिथे? थंडी आणि बटाटेच ना?" आणि तुम्ही म्हणायचात, "तेही खरंच." आणि आपण पुण्याची तिकिटं काढायचो. अहो, एकदा नीट विचारायचं होतंत! एकदा म्हणायचं होतंत की तिथे एक माणूस माझ्यासाठी उभा राहिला होता, मला तोंड दाखवायची लाज वाटते, तू बरोबर चल. मी आले नसते का? ओरडत आले असते, पण आले असते.

त्या फोनवर आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला सर्वांत जास्त लागली. उली म्हणाले, "तो सगळ्यांत मोठ्यानं गायचा."

मला वाटलं, चुकीच्या माणसाला फोन लागलाय. कोण गायचं? तुम्ही? आरतीला तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवायचात. मीराला झोपवताना तुम्ही तिला पेपर वाचून दाखवायचात! "नक्की?" मी विचारलं. "नक्की," ते म्हणाले, "टेबलावर चढून गायचा. आवाज चांगला नव्हता, पण थांबायचा नाही."

उली बाई असती तर परवडलं असतं, असं त्या क्षणी वाटलं मला. बाईशी भांडता येतं. पण टेबलावर चढून गाणारा माझा नवरा त्यांनी पाहिला आणि मी नाही, याच्यावर कुणाशी भांडू? मला तुमचा शहाणा, गप्प, वेळेवर गोळ्या घेणारा भाग मिळाला. तोही मला आवडला होता, नाही असं नाही. पण दुसराही माझाच होता ना? आपली माणसं सुटली, आपली भाषा सुटली, आणि गाणंही तिथेच सोडून आलात का? की माझ्यासमोर गायची लाज वाटली? विचारून विचारून मला झोप येत नाही, आणि तुम्ही आपले गप्प.

बिअरचंही विचारलं मी. उली म्हणतात, दिनूच्या मगात कायम सफरचंदाचा रस असायचा. मित्र मित्राला सांभाळून घेणारच. माझा त्यावर विश्वास बसलेला नाही, हे तुमच्या कानावर असू द्या.

तर आता ऐका. मी जर्मनीला जाते आहे. मीरा येणार आहे बरोबर. तिनंच तिकिटं काढली. उली आता काठी घेऊन चालतात, पण त्या वेळी उभा राहीन म्हणाले. त्यांनी तुमच्यासाठी केलेली रिबनही अजून त्यांच्याकडे आहे, तीही मला देणार आहेत. घरी आणून काचेत वगैरे ठेवणार नाही मी ती. कमरेला खोचणार, चाव्यांच्या छल्ल्यासारखी, आणि येत्या दिवाळीला मंडळात मिरवणार. विचारू दे कुणाला काय विचारायचं ते.

फक्त एक अडचण आहे. देताना देणाऱ्याचं नाव मोठ्यानं उच्चारायचं असतं म्हणे. उलीनं विचारलं, "ते कोण म्हणेल?" मी म्हटलं, "मी म्हणेन." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की लग्नाच्या उखाण्यात 'दिनकरराव' म्हटलं, तेवढंच. त्यानंतर तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलेलंच नाही. तो परका माणूस एका फोनमध्ये ते इतक्या वेळा म्हणाला आणि माझी जीभ अजून अडखळते.

पण वचन देते. तिथे सगळ्यांसमोर उभी राहीन आणि स्वच्छ म्हणेन. दिनूकडून, आपल्या लाडक्या उलीस. सवय व्हावी म्हणून आता स्वयंपाकघरात एकटीच म्हणून बघते आहे. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. दुसऱ्यांदा आवाज आला.

दिनू.

आता तरी ओ द्या.

तुमची,
शालिनी